पूरककोन

एकतीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली. कोनमापक उलट्या बाजूने वाचून ६० अंशांच्या कोनाला बिनदिक्कत १२० लिहिणारी कार्टी दरवर्षी वर्गात असायचीच. त्यांचा एक गुण मी न चुकता कापायचे आणि वर विचारायचे, "डोळे आहेत की बटणं? हा कोन काटकोनापेक्षा मोठा दिसतोय का तुला?" त्या कापलेल्या गुणांचा हिशेब वर कुठेतरी लिहून ठेवला जात होता, हे मला गेल्या आषाढात कळलं. उजवा गुडघा बदलला तेव्हा.

लोक म्हणतात, "वाटी बदलली का?" वाटी माझीच आहे हो, जन्मापासूनची. बदलला तो आतला सांधा. मांडीच्या हाडाच्या टोकाला कोबाल्ट-क्रोमियमचं टोपण, नडगीच्या डोक्यावर टायटॅनियमची तबकडी आणि दोन्हींच्या मधे पॉलिइथिलीन, म्हणजे नात्याने आपल्या दुधाच्या पिशवीचं थोरलं भावंड. एवढं ऐकल्यावर आमचे हे म्हणाले, "म्हणजे तुझी अक्कल आता गंजणार नाही." चाळीस वर्षांचा संसार आहे, त्यामुळे वॉकर फेकून मारला नाही. शिवाय तो मला लागणार होता.

आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. चौथ्या दिवशी दोघा जणांनी खुर्चीत बसवून मला वर नेलं. देवीची पालखी निघाल्यासारखे शेजारी दारादारात उभे. घरी पोचले आणि कळलं की आपलं अख्खं घर गुडघ्यावर उभं आहे. देवघर जमिनीलगत, कणकेचा डबा खालच्या कप्प्यात, भाजी निवडायची ती मांडी घालून. सोफा तर सापळाच. एकदा बसले, तर दोन्हीकडून दोघांनी ओढल्याशिवाय उठता येईना. संडासात कमोडवर आणखी एक उंच प्लास्टिकचं आसन बसवलं. त्यावर बसलं की पाय जमिनीला जेमतेम टेकतात आणि आपण पहिलीतल्या बाकावर बसल्यासारखं वाटतं.

पाचव्या दिवशी फिजिओ आली. वय चोवीस-पंचवीस, बोलणं मधाळ, हात लोहाराचे. तिने पिशवीतून प्लास्टिकच्या दोन पट्ट्या जोडलेलं एक यंत्र काढलं आणि माझा जीव भांड्यात पडला. कोनमापक! म्हटलं, चला, आपल्याच खात्यातली आहे.

"काकू, पाय सरळ करा. शून्यावर आणायचाय."

"सरळ पाय म्हणजे एकशे ऐंशी," मी म्हटलं. "सरळकोन."

"आमच्याकडे शून्य."

"अगं, मांडी आणि नडगी एका रेषेत आली की त्यांच्यातला कोन..."

"काकू, आम्ही किती वाकला ते मोजतो. सरळ म्हणजे शून्य वाकला." आणि बोलता बोलता तिने गुडघ्यावर तळहात ठेवून असा काही दाब दिला, की भूमितीची सगळी गृहीतकं मी त्या क्षणी मान्य केली.

थोडक्यात, ही मुलगी पूरककोन मोजत होती. एकशे ऐंशीतून वजा केलं की माझं उत्तर. ज्या चुकीसाठी मी एकतीस वर्षं गुण कापले, तिची वैद्यकशास्त्रात रीतसर पद्धत झालेली. त्या दिवशीचा माझा आकडा होता ५५. उद्दिष्ट, आधी ९० आणि मग १२०. "नव्वद झाले की खुर्चीवर नीट बसाल, जिना बरा जमेल," ती म्हणाली. मांडी घालण्याबद्दल विचारलं, तर नुसती हसली.

व्यायाम दिसायला हास्यास्पद असतात. टाच अंथरुणावरून सरकवत ढुंगणाकडे आणायची, बस्स. टाच सहज सरकावी म्हणून खाली प्लास्टिकची पिशवी. आमच्याकडची होती साड्यांच्या दुकानातली, आणि तिच्यावरची हसरी नवरी दिवसातून तीन वेळा माझ्या टाचेखाली रगडली जायची. दहा वेळा सरकवायची. सहाव्या वेळेला कुलदैवत आठवतं, आठव्याला माहेर. दुसरा व्यायाम म्हणजे गुडघ्याखालच्या टॉवेलच्या गुंडाळीला नुसतं दाबायचं. गुंडाळी दबत नाही, आपणच दबतो. पण खरा छळ उशीचा. दुखऱ्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली की स्वर्ग असतो, आणि नेमकी तीच मना. का, तर गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग सरळ होत नाही. उशी ठेवायची टाचेखाली, म्हणजे गुडघा अधांतरी लटकत आपोआप ताणला जातो. रात्री दोन वाजता यांचा डोळा लागला की मी चोरून उशी गुडघ्याखाली ओढायचे. या वयात चोरून करण्यासारखं उरलंय काय दुसरं?

बर्फाची जेलवाली पाकिटं फ्रीजरमधे ओल्या नारळाच्या चवाशेजारी असायची. एकदा अर्धझोपेत यांनी गुडघ्यावर चवाची पिशवी ठेवली. पाच मिनिटं आराम तोच पडला, हे नमूद करते.

भेटायला येणाऱ्यांबद्दल लिहायला स्वतंत्र लेख हवा. प्रत्येकाची एक मावससासू असते, तिने दोन्ही गुडघे एकदम केलेले असतात आणि ती दोन महिन्यांत पंढरपूरला चालत गेलेली असते. मी मात्र हॉल ते मोरी अशी वारी करत होते, वॉकरच्या टकटकीच्या तालावर.

दहाव्या दिवशी आमच्या यांना कपाटावर माझा फळ्यावरचा लाकडी कोनमापक सापडला. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेला, पिवळा, परातीएवढा. त्यांनी तो गुडघ्याला लावला, चष्मा वर केला, खाली केला आणि ओरडले, "एकशे सहा!" पाच दिवसांत पंचावन्नवरून एकशे सहा! मुलाला बंगळुरूला फोन, खालच्या वहिनींना फोन, साजूक तुपातला शिरा. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण माणसाला गुण जास्त मिळाले की फेरतपासणीला कोण जातो?

संध्याकाळी फिजिओ आली. शिरा खाल्ला, यंत्र लावलं. "चौऱ्याहत्तर."

"सकाळी एकशे सहा होते," हे म्हणाले.

तिने परातीएवढ्या कोनमापकाकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे, आणि अगदी मधाळ आवाजात विचारलं, "काकू, हा पाय तुम्हाला काटकोनापेक्षा जास्त वाकलेला दिसतोय का?"

एकशे ऐंशी वजा चौऱ्याहत्तर, एकशे सहा. यांनी भूमितीप्रमाणे बिनचूक मोजलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच. माझी वाचा बसली. उरलेला शिरा मी एकटीने संपवला.

पुढच्या आठवड्यात क्लिपा निघाल्या. सूज थोडी उतरली, पण जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर, दुसऱ्याची असल्यासारखी. पाय हलवला की आतून कट् असा आवाज येतो. तो धातूचा, घाबरू नका म्हणाले. जिन्याचा नियमही शिकले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. तीन मजले उतरून अंगणात पोचले तेव्हा खालच्या वहिनींनी टाळ्या वाजवल्या. वर जायचंय हे तोवर कोणाच्याच लक्षात नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी फिजिओने खुर्चीवर बसवून पाय मागे रेटला. मी खुर्चीच्या दांड्या धरून अवघ्या महाराष्ट्रातले घाट मोजले.

"नव्वद!" ती म्हणाली.

माझा विश्वास बसेना. "उलट्या बाजूने वाच बघू."

तिने यंत्र डोळ्यांशी नेलं. "काकू, उलट्या बाजूनेही नव्वदच."

एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच आमचं उत्तर जुळलं. मी पिशवीवरच्या नवरीकडे पाहिलं, तीही हसत होती. फिजिओ यंत्र मिटून उठली, चपला घालता घालता म्हणाली, "उद्यापासून शंभर."