ओल्या भिंतीला रंग

माझं फिलिंग तिसऱ्यांदा सुटलं. पहिलं तरी तळहातावर आलं होतं. दुसरं मी घासाबरोबर गिळलं. तिसरं कधी गेलं ते मला कळलं नाही, पण जिभेला लगेच कळलं. तेव्हापासून ती त्या खड्ड्यापाशी तळ ठोकून बसली आहे.

खड्डा सुळ्याच्या बुडाशी, हिरडीला चिकटून. कीड नव्हे, मी वर्षानुवर्षं दात भांड्यांसारखे घासल्याचं फळ. "कीड असती तर खाच कोरून फिलिंग अडकवलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथे सगळी मदार गोंदावर." म्हणूनच नव्या गोंदाची परीक्षा अशाच उथळ खड्ड्यांवर घेतात आणि किती फिलिंगं किती वर्षं टिकली ते मोजतात. माझ्या धसमुसळेपणाला एवढी शास्त्रीय प्रतिष्ठा आहे हे ऐकून मी काहीतरी बाणेदार बोलणार होतो, पण तोंडात कापसाच्या सुरळ्या आणि लाळ ओढणारी नळी. निघालं फक्त "आँ". हे लोक महत्त्वाचं सगळं आपण आ वासलेला असतानाच का सांगतात? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड उघडून.

फिलिंग असं चिकटवण्याची मूळ कल्पना रंगकामातली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने 1955 साली तेच इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर करून पाहिलं. आम्लाने पृष्ठभाग खरखरीत झाला आणि प्लास्टिकसारखी राळ घट्ट बसली. इनॅमलचं हे असं सरळ काम. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज, कोरडं ठणठणीत.

माझा खड्डा मात्र बराचसा आतल्या थरात, डेंटिनमध्ये, आणि डेंटिन म्हणजे ओल धरलेली भिंत. त्यातल्या बारीक नळ्यांतून पाणी झिरपत असतं. आम्लाने त्यातले कोलॅजन या प्रथिनाचे धागे उघडे पडतात. फार वाळवलं तर ते आडवे होतात, ओलं ठेवलं तर गोंद पातळ होतो. एवढं सांभाळून चिकटवलं तरी पुढे पाणी गोंद पोखरतं आणि डेंटिनमधलीच विकरं (एन्झाइम) ते धागे कुरतडतात. घरभेदी! आम्ल, प्रायमर (गोंदाआधीचा लेप), गोंद अशी तीन टप्प्यांची जुनी खटपट अजून टिकाऊ मानली जाते. सगळं एकाच बाटलीत भरलेले सुरुवातीचे बरेच गोंद तिच्यापुढे फिके पडले. घाई दातालाही मानवत नाही म्हणायची.

आणि घरी? झटपट गोंदाने कपाचा कान जोडायला घेतला तर माझी दोन बोटं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना कातडं जातं. ओलावा, धूळ, मूर्खपणा, काही आड येत नाही. तीच गोंदाची नळी घेऊन यावं का, असं विचारायचं मनात होतं. पण "आँ".

निळा दिवा लागला. वीस सेकंद मी छताकडे पाहत राहिलो.

"झालं. आता मऊ ब्रश, हलका हात. आणि जीभ लावत बसू नका."

जीभ केव्हाच जाऊन आली होती.