खापर रानबदकांवर

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बर्ड फ्लूवरून पुन्हा जुंपलीय. एक गट म्हणतो, स्थलांतरित पक्ष्यांनी आणला. दुसरा म्हणतो, पोल्ट्रीवालेच निष्काळजी. २००६ साली नवापूरला लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, तेव्हाही हाच वाद होता.

मी राहतो नेदरलँड्समध्ये, गेल्डरलँडच्या पोल्ट्री पट्ट्यात. २००३ साली इथे बर्ड फ्लूचा एच७एन७ हा विषाणू पसरला. देशभरात तीन कोटींच्या आसपास पक्षी गेले, एक पशुवैद्यकही दगावला. विषाणूचं मूळ रानबदकांत होतं, हे खरंच. पण बदकांत तो सौम्य होता. जीवघेणा झाला कोंबड्यांत.

पेशीत शिरायचं तर या विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन आधी कापलं जावं लागतं. सौम्य विषाणूचं प्रथिन कापणारी विकरं श्वासनलिकेत आणि आतड्यात असतात, म्हणून तो तिथेच अडकतो. एच५ आणि एच७ या प्रकारांचे विषाणू मात्र हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये फिरता फिरता कधीकधी त्या कापायच्या जागीच बदलतात. मग शरीरातल्या जवळपास कुठल्याही पेशीत ते प्रथिन कापलं जातं. मेंदू, हृदय, काहीच सुटत नाही.

उलटा प्रवासही झालाय. १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंगमध्ये पाळीव हंसात सापडलेल्या एच५एन१चे वंशज पुढे रानपक्ष्यांत शिरले. २००५ साली छिंगहाई सरोवरावर हजारो पक्षी मेले, त्यांत पट्टकादंबच जास्त. हाच पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतो. गुन्हेगार म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतो, तो आधी बळी होता.

शेजारच्या फार्मवर मी एकदा रक्ततपासणी पाहिली. दारात बूट बदलले, आत धडधाकट कोंबड्या. पशुवैद्यक एकेक उचलून पंख उलटायची आणि आतल्या शिरेतून थोडंसं रक्त घ्यायची. एकही कोंबडी आजारी नव्हती. सौम्य एच५, एच७ जीवघेणा होण्याआधी पकडायचा, म्हणून हा खटाटोप.

एवढं करूनही गेल्या काही हिवाळ्यांत इथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, कारण आता रानपक्षी जीवघेणाच विषाणू घेऊन येतात. त्यामुळे डच पद्धत जशीच्या तशी उचला, असं मी म्हणणार नाही. परसातल्या चार कोंबड्यांना ती लागूही पडणार नाही. पण आपल्याकडचा वाद मेलेल्या कोंबड्यांपासून सुरू होतो. ग्रुपवर मी विचारलं, मोठ्या शेडमधल्या धडधाकट कोंबड्यांचं रक्त कोण तपासतं? उत्तर म्हणून एका काकांनी आकाशातल्या थव्याचा फोटो टाकला.