टेस्टरनं म्हणे कोड बघायचा नाही!

हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर टेस्टर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘खऱ्या टेस्टरनं कोड उघडू नये. ग्राहक कोड बघत नाही. कोड वाचला की नजर दूषित होते. व्हाइट बॉक्स, म्हणजे आतला कोड बघून तपासणं, हे डेव्हलपरचं काम. शिवाय १०० टक्के कव्हरेज (चाचणीत कोडची प्रत्येक ओळ चालवलेली) असूनही बग राहतातच.’ खाली जोडलेले हात.

ग्राहक कोड बघत नाही, कबूल. पण कोडमधला मोजणी करणारा काउंटर तर चालूच असतो ना? २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएनं बोइंग ७८७ विमानाबद्दल आदेश काढला. जनरेटरचं कंट्रोल युनिट सलग २४८ दिवस चालू राहिलं, तर आतला काउंटर ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे मर्यादेपलीकडे जाऊन, युनिट फेलसेफमध्ये (सुरक्षिततेसाठी काम थांबवण्याच्या स्थितीत) जाणार होतं. चारही युनिट एकाच वेळी सुरू केलेली असतील, तर उडत्या विमानातली सगळी एसी (प्रत्यावर्ती) वीज गुल. आता हिशेब करून बघा: सेकंदाचे शंभरावे भाग मोजणारा ३२ बिटांचा साइन्ड (अधिक-उणे दोन्ही आकडे धरणारा) काउंटर २,१४,७४,८३,६४७ ला भरतो. दिवस होतात २४८ आणि वर काही तास. हे बाहेरून पकडायचं तर आठ महिने मशीन चालू ठेवून बसा. आतलं माहीत असलेला माणूस काउंटरमध्ये मर्यादेच्या जरा अलीकडचा आकडा भरतो आणि चहा येईपर्यंत मोकळा होतो.

हार्डवेअरचंही तेच. १९९४ मध्ये गाजलेला इंटेलचा पेंटियम प्रोसेसर घ्या. कंपनीच्या सांगण्यानुसार चिपमधल्या भागाकाराच्या टेबलातल्या ५ नोंदी गाळल्या गेल्या होत्या. इंटेलच्याच हिशेबानं वाटेल ते आकडे घेतले, तर ९ अब्ज भागाकारांत एखादा चुकणार. बाहेरून कितीही आकडे घाला, नशिबाचा खेळ. टेबल समोर असेल तर एकेक नोंद पडताळता येते. ती न पडताळल्याची किंमत ४७.५ कोटी डॉलर झाली.

नजर दूषित होते, ती स्वतःच लिहिलेल्या कोडबद्दल. दुसऱ्याचा कोड वाचून पुण्यात कुणाचं मन मऊ झाल्याचं ऐकिवात नाही.

आणि डेव्हलपरचं काम? विमानांच्या सॉफ्टवेअरसाठीचं डीओ-१७८सी हे मानक सर्वांत कडक पातळीला स्ट्रक्चरल कव्हरेजची (कोडचा कुठला भाग चाचणीत चालला याची) पडताळणी स्वतंत्रपणे मागतं. म्हणजे कोड लिहिणारा वेगळा, पडताळणारा वेगळा.

कव्हरेजचा मुद्दा मात्र खरा आहे. बेरजेला संख्येनं भागणारी ओळ पाच नोंदींवर चालवली की रिपोर्ट हिरवा. रिकामी यादी दिली की शून्यानं भागायला जाऊन तीच ओळ कोसळते. आणि जो नियम डेव्हलपर लिहायलाच विसरला, तो कुठल्याच कव्हरेजमध्ये दिसत नाही. तिथं स्पेक, म्हणजे प्रोग्रामनं काय करायचं ते लिहिलेला कागद, हातात घेऊन बाहेरूनच ठोकून बघावं लागतं.