वर्षांचा हिशेब आणि खरं शिक्षण
लहान मुलांच्या ट्रॉमा सर्जनच्या (अपघातात जखमी झालेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या) करिअरवरचा तुमचा लेख आवडला. वर्षांची बेरीज मात्र आपल्याकडची करून बघा : एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच, एमएस (जनरल सर्जरीची पदव्युत्तर पदवी) तीन, मग पीडियाट्रिक सर्जरीचं (मुलांच्या शस्त्रक्रियांचं) एमसीएच, म्हणजे त्यापुढची विशेष पदवी, आणखी तीन. मधल्या नीट या प्रवेश परीक्षांच्या तयारीची वर्षं आणि बाँडची सक्तीची सरकारी सेवा यात धरलेलीच नाहीत!

पण कधी ऑपरेशन करायचं नाही, हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि त्यावर लेखात जेमतेम एक ओळ. दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्तच साधारण ८०० मिली. रक्तस्राव होत असला तरी रक्तदाब बराच वेळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून आधी नाडीवर लक्ष. बरगडी शाबूत असूनही फुप्फुसाला मार लागलेला असतो. उलट प्लीहा (पाणथरी) फाटली तरी मूल स्थिर असेल तर बहुतेकदा पोट उघडावं लागत नाही. टोरांटोतल्या अनुभवावरून हे १९६८मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी एक डॉ. उपाध्याय, पुढे दिल्लीच्या एम्समधले. त्यांचा उल्लेख हवा होता.

तालुक्याच्या गावी जखमी मूल आधी जनरल सर्जनच्याच हाती येतं. त्यांच्या प्रशिक्षणावरही लिहा की!