एरर आला की नेटला शिव्या: सेंटिमेंट एपीआयच्या सहा ‘रामबाण’ उपायांना उत्तर

लातूर-नांदेडपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या कॉलेजांच्या आणि कोडिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. गिऱ्हाइकांचे अभिप्राय, बाजार समितीकडं आलेल्या तक्रारी, क्लासच्या पोरांचा फीडबॅक असा मजकूर क्लाउडवरच्या सेंटिमेंट ॲनालिसिस सेवेला, तिच्या एपीआयमधून म्हणजे प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दारातून, पाठवायचा आणि सूर चांगला की वाईट ते विचारायचं. त्यात एरर आले तर काय करायचं, त्याचे सहा उपाय त्यात दिलेत. थोडक्यात असे: एरर येतो तो मराठवाड्यातल्या कच्च्या नेटमुळं. आला की जमेपर्यंत कॉल (सेवेला केलेली विनंती) लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा, फिरवा. ४०१ (ओळख पटली नाही) हा आकडा दिसला की नवी ‘की’, म्हणजे सेवेचा पासवर्डसारखा कोड, काढा. क्लाउडला मराठी कळतच नाही, भाषेच्या जागी हिंदी टाका. सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) तक्रार आली तर तपासणीच बंद करा. आणि २००, म्हणजे ‘ठीक आहे’चा आकडा, आला की काम फत्ते.

फायनल इयरची पोरं हे जसंच्या तसं प्रोजेक्टमध्ये टाकायलीत, म्हणून हे उत्तर.

नेट कच्चं आहे, हे कोण नाकारतंय? पण ४००, ४०१, ४०४, ४२९, ५०० यातला कुठलाही आकडा दिसला, तर तो आकडा हेच पलीकडून आलेलं उत्तर असतं. विनंती गेली, वाचली गेली, नाकारली गेली आणि नकार तुमच्यापर्यंत पोचलासुद्धा. नेटनं आपलं काम केलेलं आहे. नेट खरंच तुटलं तर आकडा येत नाही. ‘टाइम्ड आउट’, ‘कनेक्शन रिसेट’, ‘गेटॲड्रइन्फो फेल्ड’ असलं काहीतरी येतं. त्यातही शेवटचा एरर बऱ्याचदा एंडपॉइंटचं, म्हणजे सेवेच्या वेब पत्त्याचं, नाव चुकीचं टाइप झाल्यामुळं येतो, आणि मग टॉवर बदलून काही होत नाही. एक अपवाद सांगतो. होस्टेलच्या किंवा कंपनीच्या वायफायवर मध्ये प्रॉक्सी (मधला सर्व्हर) असेल, तर ४०३ किंवा ५०२ हा त्या प्रॉक्सीचाही असू शकतो. ओळखायला सोपं आहे: उत्तराचा मजकूर छापून बघा. जेसनच्या (प्रोग्रॅमसाठीच्या मांडणीतल्या उत्तराच्या) जागी एचटीएमएलचं, म्हणजे वेबसाइटचं, पान आलं असेल, तर तुम्ही अजून क्लाउडपर्यंत पोचलेलाच नाही.

मला या पहिल्या मुद्द्याचा खरा राग वेगळ्या कारणानं येतो. ‘आपल्याकडं असंच चालतं’ म्हटलं की एररचा मजकूर वाचायची गरजच संपते. तो मजकूर पुण्यात जसा येतो तसाच परभणीत येतो.

लूपचा उपाय अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. ४२९ वर, आणि ५०० व ५०३ या सर्व्हरकडच्या बिघाडांवर, थांबून पुन्हा विचारणं बरोबर. ४२९ म्हणजे ‘फार घाई झाली’; हा आकडा २०१२ पासून एचटीटीपीच्या प्रमाणात आहे, आणि त्याच्यासोबत बहुतेक वेळा ‘रिट्राय आफ्टर’ नावाचा हेडर (उत्तरासोबतची माहितीची ओळ) येतो, त्यात किती सेकंद थांबायचं ते लिहिलेलं असतं. तो नसेल तर १, २, ४, ८ सेकंद असं अंतर दुप्पट करत जायचं, त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवायचा आणि चार-पाच वेळांनंतर सोडून द्यायचं. पण ४०० (विनंतीच चुकीची), ४०१ आणि ४०४ (पत्ता सापडला नाही) वर तीच विनंती शंभरदा पाठवली तरी शंभरदा तेच उत्तर येणार. शिवाय कंपन्यांच्या स्वतःच्या एसडीकेमध्ये (तयार कोडच्या संचात) असे फेरप्रयत्न आधीच घातलेले असतात. त्यावर आपला लूप चढवला की एका चुकीच्या कितीतरी विनंत्या होतात.

इथं एक खाच आहे. अ‍ॅमेझॉनच्या कॉम्प्रिहेन्ड या सेंटिमेंट सेवेत घाई झाल्याचा एरर ४२९ म्हणून येत नाही. ‘थ्रॉटलिंग एक्सेप्शन’ हे नाव घेऊन तो ४०० मध्येच येतो. मजकूर फार मोठा असल्याचा एररही ४०० मध्येच येतो. एकावर थांबून पुन्हा विचारायचं, दुसऱ्यावर मजकूर कापायचा. म्हणून कोडमध्ये नुसता आकडा बघून फाटे फोडू नका, एररचं नाव बघा.

पैशाचंही बघा. कॉम्प्रिहेन्ड १०० अक्षरांचं एक युनिट धरतं आणि एका विनंतीला कमीत कमी ३ युनिटं लावतं. मायक्रोसॉफ्टच्या अझुअर क्लाउडमधल्या लँग्वेज सेवेत १,००० अक्षरांपर्यंत एक नोंद धरतात आणि फुकटच्या टप्प्यात महिन्याला अशा ५,००० नोंदी मिळतात. लूप रात्रभर सोडला की या ५,००० कधी संपल्या ते कळतही नाही. संपल्यावर येणाऱ्या एररमध्ये किती दिवसांनी पुन्हा या तेही लिहिलेलं असतं. तेवढे दिवस लूप फिरवणार का?

४०१ आणि नवी की. अझुअरचा ४०१ स्वतःच दोन कारणं सांगतो: की चुकीची, किंवा एंडपॉइंट चुकीचा. मेसेज लिहिणाऱ्यानं पहिलंच वाचलेलं दिसतंय. की ही त्या-त्या रिसोर्सशी, म्हणजे खात्यात काढलेल्या सेवेशी, बांधलेली असते. पोरं रिसोर्स काढतात सेंट्रल इंडिया रीजनमध्ये, म्हणजे आपल्या शेजारच्या पुण्यात, आणि एंडपॉइंट उचलतात यूट्यूबच्या व्हिडिओतून, तो असतो अमेरिकेतला. अशा वेळी की दहादा बदलली तरी ४०१ च. उलट जुनी की रद्द झाल्यामुळं त्याच कीवर चालणारा दुसरा प्रोग्रॅम बंद पडतो. प्रत्येक रिसोर्सला दोन कीज दिलेल्या असतात त्या याचसाठी: एकीवर काम सुरू ठेवायचं, दुसरी बदलायची. बाकी, मेसेजसोबत जो स्क्रीनशॉट फिरतोय त्यात की अख्खी दिसतेय. ती ज्याची असेल त्यानं मात्र आज नवी की काढावीच.

आता मराठीचं. ‘क्लाउडला मराठी कळत नाही’ हे सरसकट विधान चूक आहे. अझुअरच्या सेंटिमेंट सेवेच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, कोड ‘एमआर’. कॉम्प्रिहेन्डच्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही. तिथं ‘एमआर’ टाकलं तर नकार येतो आणि तो प्रामाणिक नकार आहे. भाषेच्या जागी हिंदी टाकली की एरर जातो, हे खरं. पण सेवा तुमचा मजकूर हिंदी आहे असं धरून वाचायला लागते. मराठीत नकार क्रियापदाच्या पोटात जातो: ‘पाणी नव्हतं’, ‘पुन्हा नको’, ‘सर वेळेवर नसतात’. हिंदीत ही रूपं नाहीत. सूर ओळखायच्या कामात नकारच हुकला तर राहिलं काय? एरर गेला आणि चुकीचं उत्तर आलं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

मराठीची खरी अडचण भाषेच्या कोडपेक्षा मापात आहे, आणि ती या मेसेजमध्ये औषधालाही नाही. ‘मराठवाडा’ हा शब्द घ्या. डोळ्यांना दिसणारी अक्षरं ५. पायथॉनच्या लांबी मोजणाऱ्या ‘लेन’ला विचाराल तर ८, कारण तीन काने वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये बाइट मोजाल तर २४, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. एकच पोतं, तीन काटे, तीन वजनं. अझुअरची मर्यादा एका दस्तऐवजाला ५,१२० अक्षरांची आहे आणि ती पहिल्या काट्यावर मोजतात. कॉम्प्रिहेन्डची ५ केबी ही तिसऱ्या काट्यावर, म्हणजे देवनागरीत साधारण १,७०० चिन्हांतच संपते. इंग्रजी अभिप्रायांवर तपासलेला कोड म्हणूनच मराठी किंवा हिंदी मजकुरावर ‘टेक्स्ट साइझ लिमिट एक्सीडेड’ म्हणत पडतो. मजकूर आधी यूटीएफ-८ मध्ये बदला, मग लांबी मोजा, आणि तुकडे वाक्याच्या शेवटी पाडा. बाइटांच्या मध्येच सुरी चालवली तर अक्षर फुटतं.

‘लॅटिन-१ कोडेक कान्ट एन्कोड’ हा एरर तर क्लाउडचा नाहीच. तो तुमच्याच मशीनवर, विनंती निघायच्या आधी येतो. पायथॉनच्या ‘रिक्वेस्ट्स’ या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी मजकूर तसाच ‘डेटा’त दिला की हे होतं. ‘जेसन’ पॅरामीटरमधून द्या, मिटलं.

सर्टिफिकेटची तपासणी बंद करणं म्हणजे मधला कुणीही तुमची की आणि लोकांचा मजकूर वाचू शकेल अशी सोय करणं. यावर चर्चा नको. पण हा एरर येतो कशामुळं, ते बघा. कधी प्रॉक्सी किंवा अँटिव्हायरस स्वतःचं सर्टिफिकेट मध्ये घालतो. आणि आपल्याकडचं खास कारण म्हणजे लाइट. लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेलेला असतो, लाइट जाऊन आली की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं, आणि आजचं सर्टिफिकेट त्याला ‘अजून सुरू न झालेलं’ वाटतं. अ‍ॅमेझॉनच्या सेवांत विनंतीच्या सहीवर वेळ असते. घड्याळ ५ मिनिटांपेक्षा जास्त चुकलं की सही नाकारली जाते. सेल बदला, वेळ नेटवरून लावून घ्या. मराठवाड्याला दोष द्यायचाच असेल तर तो इथं द्या, रेंजला नको.

राहिला २०० चा भरवसा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. अझुअरला सेंटिमेंटसाठी एका विनंतीत १० दस्तऐवज देता येतात, कॉम्प्रिहेन्डच्या बॅचला २५. अझुअरमध्ये त्यातला एखादा रिकामा निघाला, म्हणजे एक्सेलमधला सेल कोरा होता, तरी अख्ख्या विनंतीला २०० च येतो. तो एक दस्तऐवज मात्र निकालात नसतो. त्याची तक्रार वेगळ्या ‘एरर्स’च्या यादीत असते. १० पाठवले, ९ निकाल आले, आणि तुम्ही ते क्रमानं एक्सेलमध्ये चिकटवले, की कोऱ्या सेलपासून खालचा प्रत्येक निकाल एक ओळ वर सरकतो. ‘काट्यावर लई वेळ घालवला’ या तक्रारीपुढं ‘सकारात्मक’ लागतं. कुठंही लाल अक्षर नाही, अहवाल छापून तयार. निकाल नेहमी आयडीनं किंवा इंडेक्सनं जोडा, आणि पाठवलेले किती, आलेले किती, नाकारलेले किती, ही बेरीज कोडनंच तपासावी.

तसाच गुपचूप बिघाड फाइलमध्ये असतो. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं पडतात. यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा लागतो. डीटीपीवाल्यांकडून आलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला असेल, तर पडद्यावर मराठी दिसते पण आत रोमन अक्षरांचा कचरा असतो. दोन्ही प्रकारांत २०० येऊ शकतो आणि सूर ‘तटस्थ’ निघतो. सगळे शेतकरी तटस्थ आहेत असा अहवाल समोर आला, तर आधी पाठवलेल्या मजकुरातल्या पाच ओळी छापून बघा.

इतकं करूनही अडलं, तर ग्रुपवर नुसतं ‘एरर येतोय, कुणी सांगा’ असं टाकू नका. आकडा, एररचं नाव, पूर्ण मजकूर, रीजन, वेळ आणि उत्तराच्या हेडरमधला रिक्वेस्ट आयडी द्या. सेवेच्या सपोर्टवालेही हेच मागतात. की झाका. ज्या अभिप्रायावर अडलं तोही द्या, पण लिहिणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर काढून.