दहाला दोन

परवा इतवारीत माझी किंमत ठरली. माझी म्हणजे मासे पकडायला मी बांधलेल्या फ्लायची, पण तीन रात्री जागून बांधलेली वस्तू आणि माणूस यांत फार फरक राहत नाही.

नागपूरला समुद्र नाही हे मला माहीत आहे. झीरो माइलचा दगड माझ्या ऑफिसच्या वाटेवरच लागतो. समृद्धीचे ७०१ किलोमीटर कापायचे, मग खाली कोकणात उतरायचं आणि एखाद्या खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभं राहून, जिताड्याने एकदा तरी तोंड मारावं म्हणून खांदा दुखेस्तोवर दोर फेकत राहायचं. हे वर्षातून दोनदा. बाकी वर्षभर मी जेवणाच्या टेबलावर फ्लाय बांधतो. फ्लाय म्हणजे खरं तर माशी, पण माझी माशी मासोळीचं सोंग घेते. गळाच्या आकड्यावर केस, पिसं, चमकी बांधली की झाली तारली. मी हे एकदा बायकोला समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "तर्री थंड होऊन राहिली."

नोव्हेंबरच्या फेरीसाठी कोणत्या फ्लाय न्यायच्या, यावर माझा महिना गेला होता. खाडीत तेव्हा तारली असेल की बोईची पिल्लं? बोटाएवढी बांधायची की वीतभर? गढूळ पाण्यात पोपटी-पांढरी उठून दिसते, पण पाणी निवळलं की तीच भडक वाटते, मग करडी-पांढरी बरी. अशा विचारात माणूस घरी बसून वेडा होतो, म्हणून जरी आणायला निघालो.

खरं तर हवी होती हरणाची शेपटी. अमेरिकेत तिथल्या हरणाच्या शेपटीचे केस पाकिटात मिळतात. पण १९७२ चा वन्यजीव कायदा असताना, चारी बाजूंनी वाघांची जंगलं असलेल्या या गावात, भर दुकानात "हरणाची शेपटी आहे का?" असं विचारायची माझी छाती नाही. म्हणून बाहुलीचे केस आणि चंदेरी जरी.

तान्ह्या पोळ्याची गर्दी होती. काउंटरवर लाकडी बैलांच्या झुली, गोंडे, आरसे. रंग जुळवायला मी डबी उघडून चार फ्लाय मांडल्या आणि तिथेच माशी शिंकली. शेजारच्या काकूंनी एक शेपटीला धरून उचलली.

"हे कितीले?"

"विकायचं नाही, काकू."

"मंग दुकानात कायले मांडलं?"

"मासे पकडायचं आहे ते."

"अंबाझरी तलावात?"

"समुद्रात."

काकूंनी दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने जरीकडे पाहिलं.

"कोणता समुद्र जी?"

मी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. मासा पकडून सोडून देतो म्हटल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "घरचे काही म्हणत नाही?" मग फ्लाय तळहातावर तोलून म्हणाल्या, "डोळे लई जड आहेत याचे."

इथे मी खुललो. माझा हा कायमचा रोग आहे. म्हटलं, ही क्लाऊझर. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाऊझरांनी १९८० च्या दशकात नदीतल्या बास माशासाठी काढली, आता जगभर खाऱ्या पाण्यात चालते. शिशाचे डोळे आकड्याच्या दांडीच्या वरच्या बाजूला बांधले की वजनाने आकडा उलटतो, टोक वर राहतं आणि तळाच्या दगडात अडकत नाही.

"म्हंजे हे उलटं पोहते?"

"हो."

"मेलेलं हाय मंग."

दुकानदार हसला. अहो, आकडा उलटा असतो, मासोळी नाही! पोपटी पाठ वरच येते, पांढरं पोट खालीच राहतं, त्या हिशेबानेच बांधलेलं असतं! पण हे ऐकायला कोणी नव्हतं. काकूंनी चारही फ्लाय बैलाच्या कपाळाला लावून पाहिल्या आणि तीन सेकंदांत पोपटी-पांढरी निवडली. तीच. मला महिना लागला होता.

"दहाला दोन देता?"

लेफ्टी क्रे यांनी १९५० च्या दशकात चेसापीक उपसागरासाठी बांधलेल्या डिसीव्हर नावाच्या फ्लायवर अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९१ मध्ये २९ सेंटचं तिकीट काढलं. तिकीट! तिकडे माशीचा पोस्टात मान आणि इकडे मी पाच रुपये नग. माझ्या डबीत एक डिसीव्हरही होती. कोंबड्याची पिसं आकड्याच्या वळणापाशी बांधायला दुपार गेली होती, कारण पुढे बांधली तर फेकताना ती आकड्याला गुंडाळतात.

"काकू, टोकदार आहे, नातवाला लागेल."

"मंग कापा नं."

दुकानदाराने पकड दिली. आत्मीयतेने दिली, हेच जास्त लागलं. खाऱ्या पाण्यात गंजू नये म्हणून बाहेरून मागवलेला स्टीलचा आकडा मी स्वतःच्या हाताने कापला. दहा लोक मागे उभे असताना नाही म्हणायला जो कणखरपणा लागतो, तो मला कोणीच शिकवला नाही. काकूंनी दहाची नोट काढली, दुकानदाराच्या हातात दिली आणि त्याने ती सरळ गल्ल्यात टाकली.

मग माझा हिशेब झाला. जरीचे नव्वद, केसांचे साठ. त्यातून दहा वजा नाहीत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी डिसीव्हर उचलून पकडीजवळ ठेवली.

"दहाला दोन ठरले होते नं जी."