‘बुरशी शरीराला फसवते’ या विधानावरील आक्षेपाबाबत

सप्रेम नमस्कार.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत नागपुरात आपण पाहिलेल्या म्युकरमायकोसिसच्या (‘काळी बुरशी’ या आजाराच्या) रुग्णांना अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांनीच खचवले होते, तेव्हा बुरशीच्या ‘चलाखी’वर लेख लिहिणे म्हणजे निव्वळ अतिरंजन, असा आपला आक्षेप आहे. म्युकरपुरते आपले म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे. साखर अनियंत्रित होऊन रक्तातील आम्लता वाढली की मोकळे लोह त्या बुरशीच्या हाती लागते, आणि स्टेरॉइडमुळे पांढऱ्या पेशींची मारकशक्ती मंदावते. परंतु हा निष्कर्ष सगळ्याच बुरशींना लावता येणार नाही.

बहुतेक बुरशींच्या पेशीभित्तिकेत, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या कवचात, बीटा-ग्लुकान हे शर्करेच्या साखळ्यांचे द्रव्य असते. मानवी पेशींत ते नसल्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राही (ओळख पटवणारे प्रथिन) त्यावरूनच परक्याला ओळखतो. कॅन्डिडा अल्बिकान्स ही बुरशी त्यावर मॅनन या दुसऱ्या शर्करायुक्त द्रव्याचा थर चढवते. एवढेच नव्हे, तर भोवती लॅक्टेट (दुग्धाम्लाचे रूप) असले किंवा प्राणवायू कमी पडला, की ती बीटा-ग्लुकान अधिकच झाकून घेते. हिस्टोप्लाझ्मा ही आणखी एक बुरशी आल्फा-ग्लुकान या वेगळ्या शर्करासाखळीचे पांघरूण घेते आणि उघडे राहिलेले बीटा-ग्लुकान स्वतःच्या विकराने (एन्झाइमने) छाटून टाकते. ही बुरशी धडधाकट माणसालाही आजारी पाडू शकते, हे येथे मुद्दाम नोंदवतो. यामागे हेतू किंवा बुद्धी नाही, नैसर्गिक निवड आहे, हे तर उघडच आहे.

अॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीची गोष्ट मात्र निराळी, आणि मला सर्वांत रोचक वाटते ती हीच. तिच्या हवेतील बीजाणूंवर (बीजासारख्या सूक्ष्म कणांवर) रोडए या जलरोधी प्रथिनाचे आवरण असते. ते काढून टाकल्यास तेच बीजाणू प्रतिकारशक्तीला चेतवतात, हे २००९ मध्ये दाखवण्यात आले. उन्हाळाभर कूलरसमोर बसणारे आपण नागपूरकर काय किंवा इतर कोणी काय, बीजाणू रोजच श्वासावाटे आत घेतो, आणि तरीही फुप्फुसांना दररोज सूज येत नाही, याचे थोडे श्रेय या आवरणालाही द्यावे लागते. बीजाणू फुगून रुजू लागला की आवरण फाटते, बीटा-ग्लुकान उघडे पडते आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्या पेशीच कमी असलेल्या रुग्णात ओळख पटूनही उपयोग होत नाही. तेथे आपला मुद्दा पुन्हा खरा ठरतो.

ही चर्चा केवळ पुस्तकी नाही. रक्तातील बीटा-डी-ग्लुकानची चाचणी म्युकरमायकोसिसमध्ये सहसा निगेटिव्हच येते, कारण त्या बुरशीच्या भित्तिकेत बीटा-ग्लुकान फारच कमी असते. त्यामुळे रुग्णाचा डोळा किंवा गाल सुजला असताना त्या अहवालावर विसंबून चालत नाही. ऊतीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावाच लागतो.